अनाथांचा समाचार



पूर्वी धर्मग्रामाच्या कार्यालयात लोक शिफारसपत्र मागायला येत ते शाळाप्रवेशासाठी, नोकरीसाठी किंवा लग्नासाठी. अलीकडे त्यात एका नव्या कारणाची भर पडली आहे. बारावी किंवा पदवी संपवलेले आपले तरुण-तरुणी आणि परदेशात वाढलेली आपली काही नातवंडे आफ्रिकेतल्या एखाद्या अनाथाश्रमात दोन-तीन आठवडे 'व्हॉलंटियर' म्हणून जाण्यासाठी पत्र मागतात. केनिया, टांझानिया, युगांडा, घाना ही नावे पुन्हा पुन्हा कानावर येतात. विमानाचे भाडे, राहण्याजेवणाचा खर्च आणि मध्यस्थ संस्थेची फी हे सगळे त्यांचे आईवडील भरतात. मुलांचा हेतू चांगला असतो, याविषयी मला शंका नाही. सुट्टीत मॉलमध्ये फिरण्याऐवजी अनाथ मुलांना शिकवायला जावे असे अठरा-वीस वर्षांच्या मुलीला वाटते, ही आईवडिलांनी अभिमान बाळगावा अशीच गोष्ट आहे.

पण चांगला हेतू आणि चांगले काम यांत अंतर असू शकते. म्हणून ह्या रविवारच्या अभ्यासासाठी हाच विषय घेतला आहे. अनाथ मुलाची सेवा म्हणजे नेमके काय? आणि थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्याने त्या सेवेत कुठे उभे राहायचे?

शास्त्रातला एक शब्द

संत याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायाचा शेवट आपल्याला परिचित आहे. देवापुढे शुद्ध धर्माचरण कोणते, हे सांगताना याकोब सर्वप्रथम अनाथांचे आणि विधवांचे नाव घेतो. त्यांच्या संकटात त्यांचा समाचार घ्यावा, असे तो म्हणतो. (शिक्षकाने मुलाचा 'समाचार घेतला' म्हणजे आपल्या बोलीत वेगळाच अर्थ होतो; तो येथे बाजूला ठेवू.)

मूळ ग्रीक भाषेत येथे 'एपिस्केप्तेस्थाई' हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ वरवरची भेट देणे असा नाही. लक्ष ठेवणे, काळजी वाहणे, जबाबदारीने पाहणे हे सारे त्यात येते. ह्याच मुळापासून 'एपिस्कोपोस' हा शब्द आला आणि त्यावरूनच आपला 'बिशप' हा शब्द बनला. बिशप आपल्या धर्मप्रांताला भेट देऊन निघून जाणारा पाहुणा नसतो. तो त्या धर्मप्रांताला उत्तरदायी असतो. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात आजाऱ्याला भेटण्यासाठी हेच क्रियापद आहे. संत लूकच्या शुभवर्तमानात जखऱ्याच्या गीतात आणि नाईन गावच्या विधवेच्या मुलाला प्रभूने उठवले त्या प्रसंगीही तेच आहे. देवाने आपल्या लोकांची भेट घेतली, असे तेथे म्हटले आहे. ती भेट कशी होती, हे आपण दरवर्षी नाताळात साजरे करतो. तो आला आणि आपल्यांत राहिला. भाषा शिकला, सुतारकाम शिकला, तीस वर्षे एका लहान गावात काढली.

जुन्या करारात अनाथ मुलाच्या संगोपनाचे एक सुंदर उदाहरण आहे, पण आपण ते त्या दृष्टीने क्वचितच वाचतो. एस्तेर ही आईबाप वारलेली मुलगी. तिच्या चुलत्याचा मुलगा मर्दखय याने तिला स्वतःची मुलगी म्हणून वाढवले. पुढे ती राजवाड्यात गेली. आता आपले काम संपले, असे मर्दखयला म्हणता आले असते. पण एस्तेरच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय सांगतो की, तिचे कसे चालले आहे हे कळावे म्हणून तो दररोज अंतःपुराच्या अंगणासमोरून फेऱ्या मारीत असे. त्याला आत जायची परवानगी नव्हती. तिला मिठी मारणे तर दूरच, तिचे दर्शनही होत नसावे. तरीही तो रोज जात होता. समाचार घेणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी ही एक ओळ पुरेशी आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात शेतकऱ्यांसाठी नियम दिला आहे. पेंढी शेतात विसरली तर परत आणायला जाऊ नका, जैतुनाची झाडे दुसऱ्यांदा झोडपू नका, द्राक्षे पुन्हा वेचू नका. उरलेले परक्याचे, अनाथाचे आणि विधवेचे आहे. म्हणजे अनाथ मूल गावातच राहणार, आपल्याच लोकांत वाढणार आणि त्याचे पोट भरेल अशी तरतूद गावाने आपल्या शेतात करून ठेवायची. मुलाला गावापासून तोडून वेगळ्या इमारतीत ठेवण्याची कल्पना तेथे दिसत नाही.

नैरोबीतले एक घर

आता आफ्रिकेकडे वळू. अनेक संस्थांपैकी मी एकच निवडली आहे, कारण तिच्या इतिहासात आपल्या प्रश्नाच्या जवळजवळ सगळ्या बाजू पाहायला मिळतात.

१९८०च्या आणि १९९०च्या दशकांत पूर्व आफ्रिकेत एड्सने थैमान घातले होते. १९९९ साली केनियाचे राष्ट्राध्यक्ष डॅनियल आराप मोई यांनी एड्स ही राष्ट्रीय आपत्ती असल्याचे जाहीर केले. पण त्याच्या बऱ्याच आधीपासून नैरोबीच्या रुग्णालयांत एचआयव्हीची चाचणी 'पॉझिटिव्ह' आलेली तान्ही बाळे टाकून दिली जात होती. त्यांना घ्यायला कोणी तयार नव्हते. फादर अँजेलो डॅगोस्टिनो हे येशूसंघीय धर्मगुरू तेव्हा नैरोबीत होते. मूळचे अमेरिकन, इटालियन स्थलांतरितांच्या घरात १९२६ साली जन्मलेले. आधी शल्यविशारद, मग येशूसंघीय, मग मानसोपचारतज्ज्ञ आणि त्यानंतर निर्वासितांच्या सेवेसाठी आफ्रिकेत आलेले. साठी उलटलेल्या ह्या माणसाने १९९२ साली नैरोबीच्या कॅरन ह्या भागात अशा बाळांसाठी एक घर सुरू केले. लोरेटो संघाच्या आयरिश भगिनी सिस्टर मेरी ओवेन्स त्यांच्या सोबत होत्या.

त्या घराचे नाव 'न्युंबानी'. स्वाहिली भाषेत 'न्युंबा' म्हणजे घर आणि 'न्युंबानी' म्हणजे घरी. आपण मराठीत 'घर'ला प्रत्यय लावून 'घरी' म्हणतो, तसेच. 'आश्रम', 'केंद्र' किंवा 'संस्था' असे काही न म्हणता त्यांनी हा साधा शब्द घेतला.

येथे वैद्यकीय माहितीचा एक मुद्दा सांगायलाच हवा, कारण आपल्याकडेही तो अनेकांना ठाऊक नाही. एचआयव्हीबाधित आईच्या रक्तातली प्रतिपिंडे जन्मतः बाळाच्या रक्तात येतात आणि सुमारे दीड वर्षापर्यंत राहू शकतात. त्यामुळे नेहमीच्या चाचणीत बाळ 'पॉझिटिव्ह' दिसते. प्रत्यक्षात काहीही उपचार नसतानासुद्धा आईकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्क्यांच्या दरम्यान असते. म्हणजे मरणारच असे समजून टाकून दिलेल्या त्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक मुळात निरोगी असू शकत होती. कोणीतरी त्यांना दीड-दोन वर्षे सांभाळून, खाऊपिऊ घालून वाट पाहणे एवढेच आवश्यक होते. न्युंबानीने ते केले. जी मुले निरोगी निघाली, त्यांच्यासाठी कुटुंबांचा शोध घेता आला.

उरलेल्यांचे काय? सुरुवातीच्या काळात त्यांच्यासाठी औषध नव्हते. औषधे निघाली तेव्हा ती इतकी महाग होती की, आफ्रिकेतल्या अनाथ मुलासाठी असून नसल्यासारखीच. श्रीमंत देशांत तीन औषधांच्या उपचाराचा वर्षाचा खर्च १० ते १५ हजार डॉलर होता. न्युंबानीच्या आवारात एक लहानशी दफनभूमी आहे. मुलांना जवळ घेणे, त्यांची वेदना हलकी करणे आणि त्यांना सन्मानाने निरोप देणे हीच तेव्हा तेथली सेवा होती.

ह्या कथेत आपल्या मुंबईचा प्रवेश होतो तो २००१ साली. सिप्ला ह्या मुंबईच्या कंपनीचे प्रमुख डॉ. युसुफ हमीद यांनी त्या वर्षी फेब्रुवारीत जाहीर केले की, तीच तीन औषधे ते सेवाभावी वैद्यकीय संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी किमतीत देतील. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या उत्पादनाला पेटंट नव्हते, केवळ प्रक्रियेला होते, म्हणून हे शक्य झाले. (२००५ साली तो कायदा बदलला.) फादर डॅगोस्टिनो यांनी भारतातली अशी स्वस्त औषधे न्युंबानीसाठी आणण्याचे ठरवले आणि तसे उघडपणे सांगितले. केनियाच्या संसदेने २००१ सालीच अशा आयातीला वाट करून देणारा कायदा संमत केला. औषध आल्यावर दफनभूमीत जायची ती मुले शाळेत जाऊ लागली.

आपल्या लोकांपैकी कितीतरी जणांनी औषध कंपन्यांत पाळी करून संसार चालवला आहे. गोळ्या मोजणारा, पाकिटे बंद करणारा, रात्रपाळीत यंत्रावर उभा असणारा कामगार नैरोबीला कधी गेला नाही, तेथल्या एकाही मुलाला त्याने पाहिले नाही. त्या मुलांच्या जिवंत राहण्यात मात्र त्याचा वाटा आहे. सेवेसाठी विमानात बसावेच लागते असे ज्यांना वाटते, त्यांनी ह्यावर थोडा विचार करावा.

मुले शाळेत जाऊ लागली, असे मी म्हटले खरे, पण तेही सरळपणे घडले नाही. जानेवारी २००३ मध्ये केनियात प्राथमिक शिक्षण मोफत झाले. तरीही सरकारी शाळा न्युंबानीच्या मुलांना प्रवेश देईनात. तेव्हा फादर न्यायालयात गेले आणि जानेवारी २००४ मध्ये सरकारला ह्या मुलांचा शाळेचा हक्क मान्य करावा लागला. त्याच महिन्यात पोप दुसरे जॉन पॉल यांचा प्रायश्चित्तकाळाचा संदेश रोममध्ये प्रसिद्ध झाला. त्या वर्षीचा विषय मुलांचे स्वागत हा होता. त्या पत्रकार परिषदेत फादर डॅगोस्टिनो यांनी मोठ्या औषध कंपन्यांच्या किमतींवर अतिशय कडक शब्दांत टीका केली. सत्तरी ओलांडलेले मृदू मनाचे वैद्य म्हणून पाहायला गेलेल्या पत्रकारांना त्या दिवशी वेगळाच माणूस दिसला असणार.

संस्थेच्या पुढच्या वाटचालीतला विचारही पाहण्याजोगा आहे. १९९८ साली त्यांनी 'लेआ तोतो' हा उपक्रम सुरू केला. स्वाहिलीत त्याचा अर्थ 'मुलाला वाढव' असा होतो. नैरोबीच्या झोपडवस्त्यांत जी एचआयव्हीबाधित मुले आईजवळ, मावशीजवळ किंवा आजीजवळ होती, त्यांना तेथेच औषध, आहार आणि आधार पोहोचवायचा. मुलाला संस्थेत आणण्यापेक्षा त्याचे घर टिकवायचे. त्यानंतर नैरोबीच्या पूर्वेला कितुई ह्या कोरडवाहू भागात सुमारे १,००० एकर जमिनीवर 'न्युंबानी व्हिलेज' उभे राहू लागले आणि २००६ मध्ये तेथे पहिली कुटुंबे राहायला आली. एड्सने तेथे मधली पिढी नेली होती. तरुण आईबाप गेले आणि मागे म्हातारी माणसे व लहान मुले राहिली. ह्या गावात एका घरात एक आजी किंवा आजोबा आणि त्यांच्याभोवती दहाएक मुले, काही त्यांची स्वतःची नातवंडे, काही दुसऱ्यांची. सख्खी भावंडे शक्यतो एकाच घरात. सोबत शेती, शाळा, दवाखाना. एकूण १,००० मुले आणि १०० आजी-आजोबा असे उद्दिष्ट ठेवले होते. याकोबाने अनाथ आणि विधवा एका दमात लिहिले, ते कितुईमध्ये अक्षरशः एका छपराखाली आले. मुलाला आजी मिळाली आणि मुलगा-सून गमावलेल्या आजीला सकाळी उठण्याचे कारण मिळाले.

फादर डॅगोस्टिनो नोव्हेंबर २००६ मध्ये नैरोबीतच वारले. सिस्टर मेरी ओवेन्स यांनी काम पुढे चालवले.

मिठीविषयी

आता आपल्या तरुणांच्या प्रश्नाकडे येऊ. अनाथाश्रमाला भेट देऊन आलेली व्यक्ती हमखास एक गोष्ट सांगते. "फादर, आम्ही फाटकातून आत गेलो आणि पाच मिनिटांत मुले आमच्या कमरेला येऊन बिलगली. किती प्रेमळ मुले!" सांगताना डोळे ओले असतात.

रविवारी मिस्सानंतर मी चर्चच्या दारात उभा असतो. दोन-अडीच वर्षांचे मूल जवळ आले की, मी त्याच्या डोक्यावर हात ठेवायला जातो. बहुतेक मुले काय करतात? आईच्या साडीमागे लपतात. आई ओशाळते, "फादरना हॅलो कर" म्हणते. खरे तर ओशाळण्याचे कारण नाही. ते मूल अगदी निरोगी वागत असते. आपले माणूस कोण आणि परका कोण, हे त्याला कळते. आधी ते आपल्या माणसाच्या तोंडाकडे पाहते आणि मगच परक्याकडे.

अनोळखी माणसाला पाच मिनिटांत बिलगणाऱ्या मुलाला हा फरक शिकायला मिळालेला नसतो. त्या मिठीत भूक असते. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात मुलाला एका स्थिर, कायम राहणाऱ्या माणसाची किती गरज असते हे मांडले. रुमानियातल्या बुखारेस्टमध्ये २००० साली संस्थांतल्या १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू झाला. त्यांपैकी निम्मी मुले चांगल्या पालक-कुटुंबांत ठेवली गेली. ती संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगली वाढली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्यांना सर्वांत जास्त लाभ झाला. संस्थेत जेवण, कपडे, खेळणी असूनही जे कमी पडत होते ते हेच, रोज तेच माणूस.

आता त्या मुलाच्या जागेवरून पाहा. मे महिन्यात एक ताई येते. गाणी शिकवते, केस विंचरते, मांडीवर घेते. तीन आठवड्यांनी निघून जाते. जूनमध्ये दुसरी येते. मग एक दादा येतो. प्रत्येक जण जाताना रडतो आणि पुन्हा येईन म्हणतो. ज्या मुलाने आधीच आईबाप गमावले, त्याला आपण वर्षातून सात-आठ वेळा गमावण्याचा सराव देतो. दक्षिण आफ्रिकेतल्या लिंडा रिश्टर आणि त्यांच्या सहकारी एमी नॉर्मन यांनी २०१० साली ह्या प्रकाराला 'एड्स-अनाथ पर्यटन' असे नाव देऊन त्याच्या धोक्यांविषयी लिहिले. शब्द बोचणारा आहे, पण खोटा नाही.

"अजिबात प्रेम न मिळण्यापेक्षा थोडे मिळालेले काय वाईट?" असा प्रश्न युवक मंडळाच्या बैठकीत एका मुलीने विचारला. प्रश्न प्रामाणिक आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांची प्रेमाची व्याख्या पाठ करावी लागते. ॲरिस्टॉटलच्या आधारे ते म्हणतात की, प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. विशीत ही व्याख्या फार कोरडी वाटते. पण तिच्यात एक कसोटी दडली आहे. माझ्या मनात किती माया दाटून आली, हे ती विचारत नाही. कोणाचे भले झाले, एवढेच ती विचारते. ज्या मायेने मला बरे वाटते आणि मुलाचे नुकसान होते, ती माया खरी असेल, पण तिला अजून प्रेम म्हणता येणार नाही. तिला शिकावे लागेल. न्युंबानीतल्या प्रेमालाही शिकावे लागले. १९९२ मध्ये जवळ घेणे हे त्या मुलांचे भले होते. २००१ मध्ये औषध आणणे, २००४ मध्ये न्यायालयात उभे राहणे आणि २००६ मध्ये आजीच्या हाती मूल देणे हे भले ठरले.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 'देव प्रीती आहे' ह्या परिपत्रकात (२००५) सेवाकार्य करणाऱ्यांकडून दोन गोष्टी अपेक्षिल्या. पहिली म्हणजे कामातले खरे कौशल्य आणि दुसरी म्हणजे अंतःकरणाची घडण. आपण दुसरीवर भरपूर प्रवचने देतो. पहिलीचे नाव क्वचित काढतो.

अनाथ कोण?

'अनाथ' ह्या शब्दाविषयीही थोडे सावध राहायला हवे. युनिसेफच्या गणनेत आई किंवा वडील, कोणीही एक वारले तरी मूल अनाथ गणले जाते. २०१५ साली जगात अशी सुमारे १४ कोटी मुले होती. त्यांपैकी दोन्ही पालक गमावलेली सुमारे दीड कोटी. आपल्या वाड्यांवर एकट्या आईने शिवणकाम करून, भाजीचा धंदा करून वाढवलेली मुले आहेत. त्यांना कोणी अनाथ म्हटले तर त्या आया काय म्हणतील?

'सेव्ह द चिल्ड्रन' ह्या संस्थेने २००९ साली नमूद केले की, जगभरच्या अनाथाश्रमांतल्या पाचपैकी किमान चार मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. ती तेथे का असतात? मुख्यतः गरिबीमुळे. शाळेची फी परवडत नाही, औषध परवडत नाही आणि आश्रमात दोन्ही मिळते. येथेच पैशाचा संबंध येतो. जेथे परदेशी स्वयंसेवक फी भरून येतात, तेथे मुले 'हवी' असतात. काही ठिकाणी दलाल खेड्यांत जाऊन, शिक्षणाचे आमिष दाखवून आईबापांकडून मुले आणतात, हे सिद्ध झाले आहे. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ साली हा मुलांच्या तस्करीचाच प्रकार असल्याचे म्हटले. २०१९ च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही बालहक्कांविषयीच्या ठरावात अशा स्वयंसेवी पर्यटनाच्या धोक्याची दखल घेतली. खुद्द केनियाने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि २०२२ ते २०३२ ह्या दहा वर्षांसाठी मुलांना टप्प्याटप्प्याने कुटुंबांत नेण्याचे धोरण आखले. ज्या देशात आपण सेवा करायला निघालो, तो देश स्वतः कोणत्या दिशेने चालला आहे हे जाणून न घेता कसे चालेल?

एक अप्रिय गोष्टही सांगतो. २०१४ साली एकोणीस वर्षांचा एक अमेरिकन तरुण ख्रिस्ती स्वयंसेवक म्हणून नैरोबीतल्या एका बालगृहात राहिला. तेथल्या मुलांचे लैंगिक शोषण केल्याबद्दल अमेरिकेतल्या न्यायालयाने त्याला २०१५ मध्ये दोषी ठरवले आणि २०१६ मध्ये ४० वर्षांची शिक्षा दिली. जी संस्था कोणालाही, कोणत्याही चौकशीविना मुलांजवळ झोपू देते, ती मुलांची काळजी घेत नाही. आपल्या ख्रिस्तसभेनेही ह्या बाबतीत फार लज्जास्पद दिवस पाहिले आहेत, त्यामुळे पोलिसांचा दाखला मागितला म्हणून आपल्या मुलामुलींनी अपमान मानू नये. दाखला मागणारी संस्था बरी.

मग जायचेच नाही का?

जायचे. पण कशासाठी आणि कोणाच्या मागे उभे राहायला, हे ठरवून जायचे.

मुलाला रात्री झोपवणारी, आजारपणात उशाशी बसणारी घरमाता किंवा आजी तेथे आधीपासून आहे. मुलाच्या आयुष्यात राहणार आहे ती तीच. बाहेरून आलेल्याचे काम तिचे ओझे हलके करण्याचे, तिची जागा घेण्याचे नव्हे. ज्याला नळजोडणी येते त्याने पंप दुरुस्त करावा, ज्याला हिशेब येतो त्याने हिशेबाची वही नीट लावून द्यावी. फिजिओथेरपी शिकलेल्या मुलीने तेथल्या सेविकांना व्यायाम शिकवावेत. ती परतल्यावरही त्या सेविका रोज ते करतील. नर्सिंग केलेल्या आपल्या मुली ह्यासाठी फार उपयोगी आहेत आणि त्यांना आफ्रिकेतले धर्मसंघ आनंदाने बोलावतील. पण त्यांनी तीन आठवडे नव्हे, एक-दोन वर्षे काढून जावे आणि आधी स्वाहिली शिकायला बसावे. भाषा न येणाऱ्या शिक्षकाने वर्गात उभे राहून नेमके काय शिकवायचे, हे मला कोणी अजून समजावून सांगितलेले नाही. इंग्रजी बालगीते तेथल्या शिक्षिकांनाही येतात.

आपल्याकडे येऊन गेलेल्या मिशनऱ्यांचे उदाहरण काही जण देतात. ते उदाहरण मला मान्य आहे. ते मराठी शिकले, येथले पाणी प्याले, आणि त्यांतल्या कित्येकांच्या कबरी आपल्या दफनभूमीत आहेत.

फोटोंविषयी एवढेच सांगतो. आपल्या मुलाचा फोटो कोणा परक्याने न विचारता इंटरनेटवर टाकला तर आपण भांडायला जाऊ. त्या मुलांच्या वतीने भांडायला कोणी नाही. डाव्या हाताला कळू देऊ नका, असे प्रभूने दानाविषयी सांगितले आहे. जवळच्या बालगृहात केक घेऊन वाढदिवस साजरा करायला जाणाऱ्या आपल्या कुटुंबांनाही हे लागू पडते. केक आपल्या मुलाचा, टाळ्या त्या मुलांच्या आणि फोटो आपल्या मोबाईलमध्ये. त्या दिवशी त्यांच्यापैकी कोणाचा वाढदिवस असतो का, ह्याची चौकशी मी आजवर कोणाला करताना ऐकलेले नाही.

ज्यांना पैसेच द्यायचे आहेत त्यांनी मूल ज्या घरात आहे ते घर टिकेल अशा कामाला द्यावेत. 'लेआ तोतो'ची पद्धत डोळ्यांपुढे ठेवावी. आजीच्या घरी पोहोचलेली औषधे आणि शाळेची भरलेली फी यांमुळे एक मूल अनाथाश्रमात जाण्यापासून वाचते. ह्यात मिठी मिळत नाही, हे खरे.

येत्या सुट्टीत जाण्यासाठी ज्यांना शिफारसपत्र हवे आहे, त्यांनी सोमवार सोडून कोणत्याही दिवशी संध्याकाळच्या मिस्सानंतर कार्यालयात यावे, शक्य तर आईवडिलांसह. येताना संस्थेचे पूर्ण नाव, तेथल्या सरकारकडे असलेल्या नोंदणीचा पुरावा, त्या धर्मप्रांताच्या बिशपांना ती संस्था ठाऊक आहे का याची माहिती आणि मुलांच्या सुरक्षिततेविषयीचे तिचे लेखी नियम घेऊन यावेत. तेथल्या मुलांपैकी किती जणांचे आई किंवा वडील हयात आहेत आणि ते मुलांना भेटायला येतात का, हेही संस्थेला पत्राने विचारून ठेवावे. मी आणखी एक प्रश्न विचारणार आहे: त्या मुलांना रोज रात्री कोण झोपवते, आणि ती व्यक्ती तेथे किती वर्षे आहे? ह्याचे उत्तर आणले तर पत्र त्याच संध्याकाळी लिहून देईन.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू